ॲप आले, पण सातबाऱ्यावर नाव कोणाचे?

१५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रभर ई-पीक पाहणी सुरू झाली. पूर्वी पिकाची नोंद तलाठी करीत असे. आता शेतकऱ्याने स्वतः शेतात उभे राहून मोबाइलवर पीक निवडायचे, फोटो काढायचा आणि नोंद पाठवायची. तलाठ्याच्या मर्जीतून सुटका झाली, याचे आम्ही स्वागतच करतो. पण चाळीसगाव तालुक्यात डोंगराच्या कुशीला कपाशी लावणाऱ्याकडे साधा फोन असेल, शिवारात रेंज नसेल, तर हे स्वातंत्र्य काय कामाचे?

खरा प्रश्न रेंजपेक्षा खोल आहे. आपल्या अनेक कुटुंबांची जमीन महार वतनाची. १९५८ च्या कनिष्ठ गाव वतने निर्मूलन कायद्याने वतन गेले आणि जमीन बंधनासह परत मिळाली. पुढे वारसनोंदी राहून गेल्या. कागदावर मयत आजोबा होते, ते संगणकातही तसेच राहिले. नातवाने त्यांच्या नावाने पीक नोंदवले तरी अनुदान कोणाच्या आधारला, कोणाच्या बँक खात्यात जाणार?

गायरान कसणाऱ्यांचे हाल याहून वाईट. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ साली याच खानदेशात भूमिहीनांनी सत्याग्रह केला. आजही ज्यांचे गायरान नावावर झाले नाही, त्यांच्या सातबाऱ्यावर सरकारचेच नाव आहे. पीक डोलते, पण कसणाऱ्याच्या नावाने नोंद नाही. मग हमीभावाच्या खरेदी केंद्रावर तो काय दाखवणार? संगणक जात पाहत नाही असे म्हणतात. पण जुन्या नोंदीतला अन्याय तो जसाच्या तसा छापून देतो!

१९२९ साली चाळीसगावच्या टांगेवाल्यांनी बाबासाहेबांना नेण्यास नकार दिला. टांगा हाकण्याची सवय नसलेल्या आपल्याच माणसाला लगाम घ्यावा लागला आणि पुलावर अपघात होऊन बाबासाहेबांचा पाय मोडला. दोष त्या माणसाचा नव्हता, नकार देणाऱ्या व्यवस्थेचा होता. पण लगाम आपल्याला शिकून घ्यावाच लागतो.

म्हणून कार्यकर्त्यांनी बुद्धविहारात सातबारा वाचनाची शिबिरे घ्यावीत. राहिलेल्या वारसनोंदींचे अर्ज करावेत आणि पोच घ्यावी. लेखनातली चूक असेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलदारांकडे लेखी दुरुस्ती मागावी. मोबाइल चालवणाऱ्या तरुण-तरुणींनी हंगामात चार दिवस बांधावर द्यावेत. आणि शासनाला ठणकावून विचारावे : कसणाऱ्याचे नाव तुमच्या संगणकात कधी येणार?