भाड्यातला घराचा वाटा

मंडळाच्या दिवाळीच्या जेवणात चार माणसं कोंडाळं करून उभी असली की त्यातला एक हमखास सांगत असतो, "अरे, एखादं भाड्याचं घर घेऊन टाक. भाडेकरूच तुझं मॉर्गेज फेडतो!" मीही हे ऐकूनच २००५ साली न्यू जर्सीत, न्यू ब्रन्सविकजवळ, एक जुनं टू-फॅमिली घर घेतलं. पुढची पाच-सहा वर्षं मॉर्गेज भाडेकरूंनी फेडलं की मी, हे हिशेबाची वही समोर ठेवून सांगतो. या वाटेने जाऊ पाहणाऱ्यांना उपयोग व्हावा, एवढाच हेतू.

घराची किंमत तीन लाख डॉलर. त्यावर दोन लाख चाळीस हजारांचं तीस वर्षांचं मॉर्गेज, व्याज सव्वासहा टक्के, हप्ता १,४७८ डॉलर. प्रॉपर्टी टॅक्स महिना ५०० आणि विमा ९० धरून खर्च २,०६८. वरच्या आणि खालच्या बिऱ्हाडांचं मिळून भाडं २,४५०. म्हणजे महिन्याला ३८२ डॉलर सुटणार! हा हिशेब मी एका पाकिटाच्या पाठीवर लिहून मोठ्या ऐटीत सौ.ला दाखवला. तिने एकच प्रश्न विचारला, "आणि डाउन पेमेंटचे साठ हजार कुठून आणणार?"

ते मी राहत्या घरावर इक्विटी लाइन काढून उभे केले. त्याचं व्याज महिना साधारण ३१२ डॉलर, म्हणजे सुटणार फक्त सत्तर. शिवाय हे व्याज बदलतं असतं. २००५ च्या उन्हाळ्यात प्राइम रेट सव्वासहा टक्के होता, तो जून २००६ अखेर सव्वाआठ झाला. ३१२ चे ४१२ झाले आणि दरमहा तीस डॉलर पदरचे जाऊ लागले. अजून एक नळसुद्धा गळला नव्हता!

जानेवारी २००७ मध्ये बॉयलर गेला. वरच्या मजल्यावर वर्षाचं मूल होतं, त्यामुळे उद्या-परवा बघू म्हणायची सोय नव्हती. नवा बॉयलर ४,८०० डॉलरचा, तो क्रेडिट कार्डावर घेतला. उन्हाळ्यात ते कुटुंब घर सोडून गेलं आणि वरचा मजला दोन महिने रिकामा राहिला. पुढे २००८ साली घरांच्या किमती घसरल्या, त्यामुळे विकून मोकळं होण्याचा मार्गही बंद झाला. हप्ता चुकला असता तर भाड्याचं घर तर गेलंच असतं, पण इक्विटी लाइनपायी मुलं ज्या घरात वाढत होती, तेही धोक्यात आलं असतं. त्या वर्षी आम्ही भारताची तिकिटं रद्द केली. आईला फोनवर कारण मात्र वेगळंच सांगितलं.

त्या दिवसांत मला आमची गिरगावातली चाळ फार आठवायची. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने जुन्या जागांचं भाडं १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधून टाकलं. भाडेकरूंना संरक्षण मिळालं, हे खरंच. आमच्यासारखी कुटुंबं त्यामुळेच मुंबईत टिकली. पण महागाई वाढत गेली आणि भाडं तिथेच राहिलं. मालकांनी दुरुस्ती सोडली आणि जिने टेकूंवर उभे राहिले. वडील म्हणत, "मालक वाईट नाही रे, भाड्यात चुन्याचेही पैसे सुटत नाहीत." माझ्या भाड्याला अमेरिकेत कुठल्याच कायद्याने बांधलं नव्हतं. तरीही मी तीच चूक माझ्या हाताने केली होती. भाड्यात बँकेचा वाटा होता, सरकारचा होता, विम्याचा होता, माझाही काल्पनिक वाटा होता. नव्हता तो फक्त घराचा.

तेव्हापासून माझा नियम असा : भाडं आलं की पहिला वाटा घराचा. आठ टक्के रिकाम्या महिन्यांसाठी, दहा टक्के दुरुस्तीसाठी, वेगळ्या खात्यात. त्याखेरीज सहा महिन्यांचा खर्च हाताशी. हे शहाणपण बँकांकडे आधीपासून आहे. फॅनी मेच्या नियमांत कर्जाची पात्रता ठरवताना भाड्याचे ७५ टक्केच धरतात. बाकीचे २५ टक्के रिकामे महिने आणि देखभाल यांत जाणार असं गृहीत असतं. माझ्या २,४५० चे ७५ टक्के होतात सुमारे १,८३७, आणि खर्च होता २,०६८. हे साधं गणित आधी केलं असतं तर त्या किमतीला ते घर मी घेतलंच नसतं. फॅनी मेच्या कर्जात नुसत्या भाड्यासाठी घेतलेल्या टू-फॅमिलीला आता २५ टक्के डाउन पेमेंट लागतं. ते स्वतःच्या बचतीतून द्यावं, राहतं घर गहाण टाकून देऊ नये.

आता भाडेकरूंविषयी. २००९ साली खालच्या बिऱ्हाडातल्या गृहस्थांची नोकरी गेली आणि तीन महिन्यांचं भाडं थकलं. एका मित्राने सल्ला दिला, "सरळ कुलूप बदल." हे कदापि करू नका. कोर्टाच्या आदेशाशिवाय भाडेकरूला बाहेर काढणं बेकायदा आहे. शिवाय मालक स्वतः राहत नसलेल्या अशा घरांना न्यू जर्सीचा १९७४ चा कायदा लागू होतो. त्याप्रमाणे लीज संपलं तरी कायद्यात सांगितलेल्या कारणाविना भाडेकरूला काढता येत नाही. मी स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसून थकबाकी फेडण्याचा करार लेखी केला. आठ महिन्यांत त्यांनी पै न् पै दिली आणि पुढे सहा वर्षं राहिले. प्रत्येक वेळी असं होईलच असं नाही, पण लेखी मात्र सगळं असावं. डिपॉझिट दीड महिन्याच्या भाड्याहून अधिक घेता येत नाही, ते व्याजाच्या वेगळ्या खात्यात ठेवायचं आणि घर सोडल्यावर तीस दिवसांत हिशेबासह परत करायचं. आणि "आपल्याच माणसाला देऊ" हा विचार कितीही गोड वाटला तरी १९६८ च्या फेअर हाउसिंग कायद्यापुढे चालत नाही. वंश, धर्म, मूळ देश पाहून कोणाला नाकारता येत नाही. १९८८ च्या दुरुस्तीनंतर मुलं आहेत म्हणूनही नाही.

राहिला इन्कम टॅक्स. जमीन सोडून इमारतीच्या किमतीवर साडेसत्तावीस वर्षं घसारा मिळतो. माझी इमारत दोन लाख वीस हजारांची, म्हणून वर्षाला ८,००० डॉलर. त्यामुळे कागदावर दिसणारा तोटा २५,००० पर्यंत पगारातून वजा करता येतो. मात्र उत्पन्न एक लाखाच्या वर गेलं की ही सवलत कमी होत जाते आणि दीड लाखाला संपते. नवरा-बायको दोघं कमावत असतील तर तो तोटा पुढच्या वर्षांसाठी साठवून ठेवावा लागतो. घर नफ्यात विकलं की घेतलेल्या घसाऱ्यावर २५ टक्क्यांपर्यंत करही भरावा लागतो. तेव्हा टॅक्स वाचतो म्हणून घर घेऊ नये.

इक्विटी लाइन आम्ही २०११ साली फेडली, तीही भाड्यातून नव्हे, पगारातून. घर अजून आमच्याकडे आहे आणि आता खरंच चार पैसे सुटतात. पण पहिल्या सहा वर्षांचं उत्तर वहीत स्वच्छ आहे : भाडेकरूंनी फेडलं ते मॉर्गेज, बाकी सगळं आम्ही. पुढच्या दिवाळीला कोणी तुम्हाला पाकिटामागचा हिशेब दाखवला तर तो आनंदाने बघा. फक्त त्यात घराचा वाटा कुठे लिहिलाय, तेवढं विचारा.