मोटारीच्या ब्रेकमधील सुधारणा आणि पुढील-मागील रोधक बलाचे संतुलन

प्रस्तावना

जुन्या मोटारीचे ब्रेक अधिक प्रभावी करावयाचे तर पुढील चाकांना मोठी डिस्क व मोठे कॅलिपर बसवावे, असा समज वाहनधारकांत आणि काही गॅरेजांतही रूढ आहे. पुढे डिस्क व मागे ड्रम अशी रचना असलेल्या लहान मोटारींबाबत तो विशेषत्वाने आढळतो. अशा एकांगी बदलामुळे थांबण्याचे अंतर उलट वाढू कसे शकते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात एबीएस नसलेल्या मोटारीच्या आधारे केले आहे.

भाराचे स्थलांतर

ब्रेक चाकाला थांबवतो; वाहन थांबते ते टायर व रस्ता यांमधील पकडीमुळे. ही पकड ढोबळमानाने त्या टायरवरील भाराच्या प्रमाणात असते, आणि ब्रेक लावताच भार पुढील चाकांकडे सरकतो. उदाहरणादाखल 1000 कि.ग्रॅ. वजनाची मोटार विचारात घेता येईल. तिच्या दोन आसांमधील अंतर 2.4 मीटर, गुरुत्वमध्याची उंची 0.55 मीटर आणि उभ्या स्थितीतील भार पुढे 600 व मागे 400 कि.ग्रॅ. आहे. मंदन 0.8 जी असता सुमारे 183 कि.ग्रॅ. भार पुढे सरकतो व विभागणी 78:22 होते. निसरड्या रस्त्यावर मंदन 0.3 जी इतकेच शक्य असेल, तर ती 67:33 राहते. म्हणजेच रोधक बलाचे आदर्श प्रमाण स्थिर नसते; निर्मात्याला तडजोड करावीच लागते.

ही तडजोड मुद्दाम पुढील चाकांकडे झुकती ठेवली जाते. पुढील चाके आधी जाम झाली तर सुकाणू निकामी होते, पण वाहन साधारण सरळ घसरते. मागील चाके आधी जाम झाली तर मात्र वाहन स्वतःभोवती फिरते, आणि सामान्य चालकाला ते सावरता येत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या 13-एच या नियमातील रोधक बलाच्या विभागणीविषयीच्या अटींमागे हेच तत्त्व आहे.

बदलाचा परिणाम

उपरोक्त मोटारीत मूळ प्रमाण 79:21 आहे असे मानू. घर्षणांक 0.8 असलेल्या रस्त्यावर चाके जाम न होता 0.79 जी मंदन मिळते. ताशी 100 कि.मी. वेगावरून मोटार सुमारे 50 मीटरमध्ये थांबते. आता पुढील पिस्टनचा व्यास 48 ऐवजी 54 मि.मी. व डिस्कची परिणामी त्रिज्या 100 ऐवजी 119 मि.मी. केली, तर पुढील बल दीडपट होऊन प्रमाण 85:15 होते. पुढील चाके 0.72 जी मंदनालाच जाम होऊ लागतात आणि मागील टायरची पकड वाया जाते. थांबण्याचे अंतर जवळजवळ 55 मीटर होते. पेडल हलके लागते, त्यामुळे ब्रेक सुधारल्याचा भास मात्र होतो.

केवळ मागे डिस्क बसवून प्रमाण 70:30 झाले, तर मागील चाके 0.66 जी मंदनालाच जाम होतात. हे अधिक घातक. ब्रेकला हातही न लावता उत्तम पकडीचे टायर बसविले तरी प्रश्न उद्भवतो: घर्षणांक 1.0 झाल्यास भार अधिक पुढे सरकतो आणि त्याच 79:21 प्रमाणात मागील चाके आधी जाम होतात.

मोठ्या डिस्कचे खरे कार्य

मग मोठी डिस्क निरर्थक ठरते काय? तसे नाही. तिचा उपयोग उष्णतेच्या संदर्भात आहे. ताशी 100 कि.मी. वेगावरून एकदा थांबताना या मोटारीची सुमारे 0.39 मेगाज्यूल ऊर्जा ब्रेकमध्ये उतरते. खंडाळ्याच्या घाटात सुमारे 500 मीटर उतरताना 4.9 मेगाज्यूल, म्हणजे तशा बारा-तेरा थांब्यांइतकी ऊर्जा मुक्त होते. खालच्या गिअरमध्ये इंजिन तिचा मोठा वाटा शोषते. न्यूट्रलमध्ये उतरणाऱ्या मोटारीचा जवळजवळ सर्व भार ब्रेकवर पडतो. पॅड तापून घर्षण घटते. डॉट 3 ब्रेक ऑइलचा किमान उत्कलनबिंदू नवे असताना 205 अंश सेल्सिअस, तर पाणी शोषल्यावर 140 अंश इतका खाली येतो. ऑइल उकळले की पेडल खाली जाते, पण दाब निर्माण होत नाही. जड व हवा खेळती राहणारी डिस्क येथे उपयोगी पडते.

यासाठी मूळ प्रमाण बिघडविण्याचे कारण नाही. उपरोक्त उदाहरणात त्रिज्या 119 मि.मी. करताना पिस्टन 54 ऐवजी 44 मि.मी. व्यासाचा निवडल्यास तितक्याच दाबाला पुढील बल पूर्वीइतकेच राहते आणि 79:21 हे प्रमाण कायम राहते. मास्टर सिलिंडरही बदलावा लागत नाही. 54 मि.मी. पिस्टन ठेवला तर मात्र तो ढकलण्यास सुमारे सव्वापट ऑइल लागून पेडल अधिक खोल जाते, आणि मागील सिलिंडरचा व्यासही त्या प्रमाणात वाढवावा लागतो.