केस म्हणजे कापूस नव्हे

घरातली कपड्यांची इस्त्री एकदा हातात घेऊन तिची चकती नीट पाहावी. बहुतेक इस्त्र्यांवर ठिपके असतात. एक ठिपका नायलॉनसारख्या कृत्रिम धाग्यांसाठी, दोन ठिपके रेशीम आणि लोकरीसाठी, तीन ठिपके सुती कपड्यांसाठी. कपड्यांच्या चिठ्ठीवर छापल्या जाणाऱ्या आंतरराष्ट्रीय संकेतांनुसार या ठिपक्यांचा अर्थ अनुक्रमे साधारण ११०, १५० आणि २०० अंश सेल्सिअसच्या आसपास, असा आहे. आता घरातल्या लेकीसुनेच्या आरशापुढचे केस सरळ करायचे यंत्र पाहा. त्याला सगळेच ‘स्ट्रेटनर’ म्हणतात. यांतली कित्येक यंत्रे २३० अंशांपर्यंत तापतात. म्हणजे जाड सुती चादरीलाही जी उष्णता आपण देत नाही, ती डोक्यावरच्या केसांना देण्याची सोय त्यात आहे.

आपण यवतमाळकर कापसाच्या जिल्ह्यातली माणसे. धाग्याची पारख आपल्याला कोणी शिकवायला नको. कापूस हा झाडाचा धागा. त्याचे द्रव्य सेल्युलोज. केस मात्र लोकरीच्या गोत्रातला. लोकर, नख, शिंग आणि केस ही सगळी केराटिन या प्रथिनाची रूपे. सुती पातळाला इस्त्री करण्याआधी आपण त्यावर पाणी शिंपडतो, घडी घालून थोडा वेळ ठेवतो आणि मग गरम इस्त्री फिरवतो. कापसाला ते मानवते, केसांवर नेमके उलटते. केस ओला असताना त्यावर तापलेली पट्टी दाबली की आतल्या पाण्याची वाफ होते. तिला बाहेर पडायला वाट नसते, म्हणून ती केसाला आतून फुगवते आणि त्यात पोकळ बुडबुडे राहतात. त्वचारोगतज्ज्ञ त्याला ‘बबल हेअर’ म्हणतात. त्याचे वर्णन १९८६ मध्येच झाले आहे. असा केस बुडबुड्याच्या जागी काडीसारखा तुटतो. कोरड्या केसातल्या केराटिनची घडण विस्कटायला २०० अंशांच्याही पुढे जावे लागते, पण पाण्याने भरलेल्या केसात ती दीडशेच्या आतच मोडू लागते. स्ट्रेटनर फिरवताना ‘चर्र’ असा आवाज आला, तर तो ओल राहिल्याचा इशारा समजावा.

माझी एक पुतणी नोकरीच्या मुलाखतींसाठी पुण्याला ये-जा करते. तिचे केस लाटांचे, आमच्या घराण्याचेच. पण ‘मुलाखतीला केस नीट हवेत’ असे तिला कोणीतरी सांगितले आणि नीट म्हणजे सरळ, हे तिने स्वतःच ठरवले. रोज सकाळी यंत्र तापते. वर्षभरात तिची वेणी निम्मी झाली. मी काही बोलण्याआधीच ती म्हणाली, “आत्या, सिरम लावते ना मी! मग काही होत नाही.” या ‘काही होत नाही’चा हिशेब मला मांडावासा वाटला. आयुष्यभर बँकेत बसल्याने हिशेबाशिवाय माझे समाधान होत नाही.

पंतप्रधान रोजगार योजना १९९३ मध्ये सुरू झाली, तेव्हा जिल्ह्यातल्या शाखांमधून तरुणींचे ब्यूटी पार्लरसाठी अर्ज येऊ लागले. त्यांच्या कोटेशनमध्ये खुर्ची, आरसा, वाफेचे भांडे आणि एक ड्रायर एवढाच ऐवज असे. आज त्याच व्यवसायातल्या मुलींच्या टेबलावर उष्णतेची पाच-सहा यंत्रे दिसतात आणि शेजारी सिरमच्या बाटल्या. त्या मुलींना दोष देण्यात अर्थ नाही. गिऱ्हाईक मागते, त्या देतात.

सिरमच्या बाटलीत असते ते बहुधा सिलिकोन. बाटलीमागच्या बारीक अक्षरांत ‘मेथिकोन’ किंवा ‘सिलॉक्सेन’ असा शेवट असलेले नाव दिसले की ते सिलिकोन समजावे. न्यायाने सांगायचे, तर हे द्रव्य विष नव्हे. केसावर त्याचा पातळ, निसरडा पापुद्रा बसतो. फणी अडकत नाही, चकाकी येते आणि पट्टीची उष्णता केसात जरा सावकाश शिरते. पण ते यंत्राला थंड करत नाही. २३० अंशांची पट्टी सिरम लावूनही २३० अंशांचीच राहते.

मग ते टाळावे कशासाठी? पहिले कारण आपल्या गावचे आहे. यांतली अनेक सिलिकोने पाण्यात विरघळत नाहीत. त्यांचे थर साठतात, केस जड आणि निर्जीव वाटतात, मग ते काढायला कडक शाम्पू लागतो आणि पाणीही भरपूर लागते. निळोणा आणि चापडोह धरणे आटल्यावर २०१८ च्या उन्हाळ्यात यवतमाळ शहराने टँकरमागे कशी धावपळ केली, ते ज्यांनी भोगले त्यांना जास्तीच्या दोन बादल्यांचा अर्थ सांगावा लागत नाही. दुसरे कारण जरा दूरचे. डी-४ आणि डी-५ या नावांनी ओळखली जाणारी काही उडून जाणारी सिलिकोने निसर्गात लवकर नष्ट होत नाहीत, म्हणून युरोपीय संघाने धुऊन टाकायच्या प्रसाधनांत २०२० पासून त्यांच्यावर ०.१ टक्क्याची मर्यादा घातली. पुढे २०२४ मध्ये हा नियम टप्प्याटप्प्याने वाढवून केसांत तशीच ठेवायची प्रसाधनेही त्यात आणली. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ मध्ये दाखवले, की अशी द्रव्ये लावून वर तापलेले यंत्र फिरवले की ती खोलीच्या हवेत कितीतरी अधिक प्रमाणात मिसळतात. दार लावून, पंखा बंद ठेवून आरशापुढे उभ्या राहणाऱ्या मुलींनी निदान खिडकी तरी उघडावी.

आता सिलिकोनवाचून काय करता येते ते पाहू. सुरुवात न्हाण्याच्या आधीपासून करावी लागते. मुंबईच्या मॅरिको कंपनीतील रेले आणि मोहिले या संशोधकांचा एक निबंध २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. खोबरेल, सूर्यफुलाचे तेल आणि खनिज तेल यांची त्यांनी तुलना केली. धुण्यात केसांतले प्रथिन वाहून जाते, ते कमी करण्याचे काम तिघांपैकी एकट्या खोबरेलाने केले. खोबरेल विकणाऱ्या कंपनीतले संशोधन म्हणून मी ते जरा भिंग लावूनच वाचले. पण कारण पटण्याजोगे आहे. खोबरेलातल्या लॉरिक आम्लाचा रेणू लहान आणि सरळ असतो, तो केसाच्या आत शिरतो. बाकीची दोन तेले वरवरच राहतात. म्हणून न्हाण्याआधी काही तास खोबरेल लावावे आणि मग ते धुऊन टाकावे. तेल लावलेल्या केसांवर गरम पट्टी मात्र कधीच फिरवू नये. तव्यावर तेल टाकून काय होते हे स्वयंपाकघरातल्या माणसाला ठाऊक असतेच.

न्हाल्यावर खरबरीत टॉवेलने केस घासण्यापेक्षा जुना मऊ पंचा गुंडाळावा, पाणी टिपून घ्यावे. ड्रायर वापरायचा तर हात लांब ठेवावा. कोरियातील संशोधकांनी २०११ मध्ये मोजले, तेव्हा ५ सेंटिमीटरवर केसांना ९५ अंश, १० वर ६१ आणि १५ वर फक्त ४७ अंश उष्णता लागत होती. १५ सेंटिमीटर अंतर ठेवून ड्रायर सतत हलता ठेवला, तर केस तासन्‌तास ओले राहून वाळण्यापेक्षाही एकूण नुकसान कमी झाले. १५ सेंटिमीटर म्हणजे वीतभरही नाही. आपल्याकडे बाळंतिणीचे केस शेगडीवर वाळवताना, धुरी देताना, निखारे असेच हातभर लांब ठेवत. कोणी अंश मोजत नव्हते, पण घरातली म्हातारी मध्ये आपला तळहात धरून पाहायची.

आणि सिरमच्या जागी? आपल्या घरात त्याचे उत्तर चटणीच्या डब्यात आहे. जवस! एकेकाळी विदर्भाच्या रब्बीत जवसाचे निळे फुलोरे सर्रास दिसत. गहू-हरभऱ्याने त्यांची जागा घेतली. जवसाच्या टरफलात बुळबुळीत द्रव्य असते. दोन चमचे जवस कपभर पाण्यात सात-आठ मिनिटे मंद आचेवर उकळावेत. पाण्याला अंड्याच्या पांढऱ्यासारखी तार आली की गरम असतानाच मलमलच्या फडक्यातून गाळून घ्यावे, कारण थंड झाल्यावर ते गाळले जात नाही. फ्रीजमध्ये ठेवले तर चार-पाच दिवस पुरते. वास बदलला की टाकून द्यावे. ओलसर केसांना हाताने लावायचे आणि पूर्ण वाळू द्यायचे. त्याचा पातळ पापुद्रा बसतो, भुरभुर बसते, केस आकार धरतात आणि साध्या पाण्याने ते धुऊनही निघते. याचा खरा लाभ असा, की यंत्राची गरजच कमी होते. हे चिलखत मात्र नव्हे. ओल्या लेपावर पट्टी फिरवली तर पुन्हा तीच वाफ. जवसाचे तेलही या कामाचे नाही. हवेत ते घट्ट होते, म्हणून तर चित्रकार ते रंगांत वापरतात. डोक्यावर त्याची चिकट पुटे कोणाला हवी?

बाजारातलेच घ्यायचे, तर सिलिकोन नसलेली प्रसाधनेही मिळतात. गव्हाच्या प्रथिनाचा अर्क आणि पापुद्रा धरणारी काही बहुवारिके केसांना उष्णतेपासून अंशतः वाचवतात, हे मॅकम्युलन आणि याखोविच या अमेरिकेतील संशोधकांनी १९९८ मध्येच दाखवले होते. त्यातला ‘अंशतः’ हा शब्द विसरू नये. उरलेले काम चकतीचे. केस पूर्ण कोरडे, तापमान लोकरीएवढे म्हणजे १५० च्या आसपास, एका बटेवर एकदाच हात, आणि तोही आठवड्यातून एकदा. पॅरिसमध्ये मार्सेल ग्रातो हा केशरचनाकार एकोणिसाव्या शतकात ज्योतीवर तापवलेल्या चिमट्याने केसांना लाटा देत असे. त्या काळचे कारागीर चिमटा आधी कागदावर टेकवून पाहत. कागद तपकिरी झाला तर चिमटा थांबे. आपल्या यंत्रांवर आकडे आहेत, पण कागदाची ती परीक्षा आजही फुकट आहे.

एक धोक्याची गोष्ट सांगायलाच हवी. ‘रोजची कटकट नको’ म्हणून कित्येक मुली लग्नसराईआधी पार्लरमध्ये केस सहा महिन्यांसाठी सरळ करून घेतात. त्यातल्या काही द्रव्यांतून तापवल्यावर फॉर्माल्डिहाइड वायू निघतो. तो कर्करोगकारक म्हणून नोंदलेला आहे. काहींत ग्लायऑक्सिलिक आम्ल असते. अशा उपचारानंतर एका तरुणीच्या मूत्रपिंडांना तीन वेळा इजा झाल्याचे फ्रान्समधल्या डॉक्टरांनी २०२४ मध्ये नोंदवले. डब्यावर ‘सिलिकोनमुक्त’ लिहिले म्हणून ते निर्धोक होत नाही. डोके पुढे करण्याआधी त्यातले द्रव्य कोणते, हे विचारावे. पार्लरवाल्या ताईनेही आपल्या पुरवठादाराला ते विचारावे. दिवसभर तो धूर तिच्याच छातीत जातो.

केस महिन्याला साधारण एक-सव्वा सेंटिमीटर वाढतो. या हिशेबाने कंबरेपर्यंतचा केस म्हणजे पाच वर्षांची मुदत ठेव. त्वचेबाहेर आलेला केस निर्जीव असतो. भाजलेले टोक कोणत्याही सिरमने, लेपाने किंवा तेलाने पुन्हा जुळत नाही. ते कापावेच लागते. पुतणीला मी यंत्र फेकून दे असे सांगितले नाही. केस सरळ ठेवायचे की लाटांचे, हे तिचे तिने ठरवावे. आम्ही दोघींनी मिळून चकती १५० वर आणली, तापवण्याचा वार ठरवला आणि बाकीच्या दिवसांसाठी जवस उकळायला ठेवले. गेल्या मुलाखतीला ती वेणी घालून गेली. मुलाखत घेणाऱ्यांनी केसांबद्दल काही विचारले का, असे मी तिला विचारले. ती म्हणाली, “नाही गं आत्या, त्यांनी कामाचंच विचारलं.”