अकरावा हल्लेखोर

'ईव्ह ऑनलाइन' हा अंतराळयुद्धाचा खेळ 2003 मध्ये आइसलंडच्या रेक्याविक शहरातल्या सीसीपी कंपनीने आणला. हजारो माणसं, एकच विश्व आणि प्रचंड लढाया. पण त्यातलं सगळ्यात थरारक हत्यार तोफ नाही. ते आहे दुरुस्तीचा किरण! एक जहाज दुसऱ्याच्या ढालीवर तो सोडतं आणि मार खाल्लेली ढाल डोळ्यांदेखत भरत जाते.

आता यात थरारक काय? जरा हिशोब मांडू या. समजा, एका जहाजाच्या ढालीत 20,000 अंक आहेत. प्रत्येक हल्लेखोर सेकंदाला 100 अंक उडवतो. दहा हल्लेखोर वीस सेकंदांत ढाल संपवतील. अकरा आले तर अठरा सेकंद. फरक किरकोळ.

आता त्याच जहाजाला सेकंदाला 1,000 अंकांची दुरुस्ती द्या. गळक्या टाकीत वरून नळ सोडल्यासारखंच हे. दहा हल्लेखोर किती वेळात जिंकतील? कधीच नाही! रात्रभर गोळे झाडले तरी जहाज जागचं हलणार नाही. अकरावा आला की मात्र तेच जहाज 200 सेकंदांत उघडं पडतं. वीस जण झाले की वीस सेकंदांत. म्हणजे दहा आणि अकरा यांच्यामध्ये, एका माणसाच्या येण्या-न येण्यात, अमरत्व आणि मरण यांची सीमारेषा उभी आहे. दुरुस्ती नसताना हीच रेषा कुठे दिसतसुद्धा नव्हती.

मग समोर अमर जहाजांचा तांडा असेल तर काय करायचं? खेळाडूंनी शोधलेलं उत्तर मला फार आवडतं. त्यांनी मुद्दाम संथ तोफा निवडल्या. 'मेलस्ट्रॉम' नावाच्या युद्धनौकेवरच्या 1400 मिलिमीटरच्या तोफा एकदा धडाडल्या की पुन्हा भरायला बराच वेळ घेतात. सेकंदाच्या सरासरीत त्या मार खातात. पण शंभर जहाजांनी एकाच क्षणी एकाच लक्ष्यावर बार काढला, तर पूर्ण ढाल एका फटक्यात उडते आणि दुरुस्तीला भरायला काही उरतच नाही. या पद्धतीला खेळाडू 'अल्फा' म्हणतात.

इथे वेळ किती बारीक कापला जातो बघा. खेळाचा सर्व्हर एका सेकंदाच्या ठोक्याने चालतो. दुरुस्ती करणाऱ्याला आधी मित्राचं जहाज 'लॉक' करावं लागतं, त्यालाही वेळ जातो. वर ढाल भरणारं यंत्र आपलं काम आवर्तनाच्या सुरुवातीलाच करतं, पण ढालीखालचं चिलखत सांधणारं यंत्र आवर्तनाच्या शेवटी. केवढा साधा नियम! पण त्यामुळे चिलखतावर भिस्त ठेवणाऱ्या ताफ्याला मदतीचा पहिला घोट मिळेपर्यंत काही सेकंद तग धरावाच लागतो.

आणि दुरुस्तीला लागणारी वीज? दुरुस्ती करणारी 'गार्डियन' जहाजं ती एकमेकांना पुरवतात. गंमत अशी की शेजाऱ्याच्या पदरात पडणारी ऊर्जा देणाऱ्याने खर्च केलेल्या ऊर्जेपेक्षा जास्त असते. दोघांनी एकमेकांना दिली की दोघंही श्रीमंत! आपल्या विश्वात ऊर्जा अशी शून्यातून निघत नाही, या विश्वात निघते. शत्रूने मधलं एक जहाज पाडलं किंवा गोंधळवलं, की ही साखळी तुटते आणि बाकीच्यांच्या बॅटऱ्या कोरड्या पडू लागतात.

एवढी ताकद मोकळी सोडली असती तर कोणतीच लढाई संपली नसती, म्हणून रचनाकारांनी प्रत्येक वरदानाला किंमत लावली. महाकाय जहाजांवरचं 'ट्रायेज' यंत्र दुरुस्तीचा धो धो पाऊस पाडतं, पण चालू केलं की पाच मिनिटं ते जहाज जागेवर खिळतं आणि त्या काळात त्याला स्वतःला कोणाचीही दुरुस्ती पोहोचत नाही. पुढे आणखी एक नियम आला: एकाच जहाजावर खूप जणांनी किरण रोखले, तर प्रत्येक वाढीव किरणाचा उपयोग घटत जातो.

या सगळ्या नियमांमुळे सेनापतींचे डावपेच बघण्यासारखे झाले. एका जहाजावर मारा सुरू करायचा. ते मदतीची हाक देतं, सगळे दुरुस्तीवाले तिकडे वळतात, त्यांचे किरण लागू लागतात. नेमक्या त्या सेकंदाला भरलेल्या तोफा दुसऱ्याच जहाजाकडे वळवायच्या, ज्याला अजून एकाही दुरुस्तीवाल्याने लॉक केलेलं नाही.