पुसले, पण कुठून?

पासवर्ड चुकून कोडमध्ये राहिला आणि कमिट झाला, तर ती ओळ खोडून पुन्हा कमिट केल्याने काहीच साधत नाही. गिट प्रत्येक जुनी अवस्था जपून ठेवते. कमिट कितीही मागचा असो, तो उघडला की पासवर्ड जसाच्या तसा समोर येतो. तो मुळातून काढायचा तर इतिहासच नव्याने लिहावा लागतो. त्यासाठी एलिजा न्यूरेन यांनी लिहिलेले ‘गिट फिल्टर-रेपो’ आहे. जुन्या ‘फिल्टर-ब्रँच’ऐवजी हेच वापरा, असे गिटच्या माहितीपुस्तिकेतच म्हटले आहे.

आमच्या टीमसाठी या साधनाची कार्यपद्धती लिहून ठेवायचे काम माझ्याकडे आहे. पूर्वी ती वाचणारा माणूस असे. आता बऱ्याचदा एआय एजंट ती आधी वाचतो आणि लगेच कमांड चालवायला घेतो. म्हणून मजकूर लिहून झाला की खोटे टोकन पेरलेला सरावाचा रेपो मी एजंटच्या हाती देते आणि तो काय करतो ते पाहत बसते.

खरी परीक्षा होते ती साधन अडून बसते तेव्हा. फिल्टर-रेपोला ताजा क्लोन लागतो. रोजच्या कामाच्या फोल्डरमध्ये ते चालवले की ते नकार देते आणि कारणही सांगते: हा ताजा क्लोन दिसत नाही, नव्या क्लोनवर काम करा, तरीही पुढे जायचे असेल तर ‘फोर्स’ वापरा. अनुभवी माणूस इथे थबकतो. एजंटला मात्र शेवटचे वाक्य म्हणजे अडचणीवरचा तोडगा वाटू शकते. तो तीच कमांड फोर्स जोडून पुन्हा चालवतो. ताज्या क्लोनची अट असते ती काही बिघडले तर मूळ प्रत शाबूत राहावी म्हणून. फोर्स लावला की कमिट न केलेले बदलही जाऊ शकतात आणि परतीची वाटही बंद होते.

अशा जागी ‘काळजी घ्या’ हे शब्द कुचकामी ठरतात. मी लिहिते: ‘हा नकार आल्यास फोर्स जोडू नये. नव्या फोल्डरमध्ये क्लोन घेऊन पहिल्या पायरीपासून सुरुवात करावी. क्लोन घेता येत नसेल तर थांबावे आणि माणसाला विचारावे.’ कोणती खूण दिसली की काय करायचे आणि कुठे हात आवरायचा, हे लिहिले असेल तर एजंटचे पाऊल सहसा चुकत नाही.

दुसरी अवघड जागा म्हणजे यादी. काय काढायचे ते एका फाइलमध्ये, एका ओळीत एक, असे द्यावे लागते. ही फाइल एजंटनेच लिहिली, तर टोकन त्याच्या संभाषणात उतरते आणि तिथून लॉगमध्येही जाऊ शकते. एक प्रत पुसायला निघायचे आणि नव्या प्रती करून ठेवायच्या, असे होते. म्हणून आमचा नियम असा: फाइल माणसाने भरायची आणि रेपोबाहेर ठेवायची. एजंटला फक्त तिचा पाथ द्यायचा. त्याने ती उघडायची नाही. पडताळणीलाही टोकन टाइप करून शोधायचे नाही. ‘गिटलीक्स’ हे स्कॅनर ‘रिडॅक्ट’ पर्यायासह चालवले की सापडलेले गुपित झाकलेले राहते. साधा पासवर्ड त्याच्या नियमांत बसेलच असे नाही, त्यामुळे तो शोध माणसाकडेच ठेवला आहे.

सर्वांत जास्त वेळ मी देते तो ‘काय होत नाही’ या भागाला. फिल्टर-रेपोचा ‘रिप्लेस-टेक्स्ट’ हा पर्याय फाइलींमधला मजकूर बदलतो. कमिटच्या संदेशात टोकन असेल तर ते तसेच राहते, त्यासाठी ‘रिप्लेस-मेसेज’ वेगळा द्यावा लागतो. सहकाऱ्यांचे क्लोन आणि गिटहबवरचे फोर्क यांना या कमांडचा स्पर्शही होत नाही. एखाद्याने जुना क्लोन मर्ज करून पुश केला, की काढलेले टोकन पुन्हा आत येते. आणि मुख्य म्हणजे फुटलेले टोकन चालूच राहते. ज्याने ते दिले त्या सेवेकडे जाऊन ते रद्द करणे ही पहिली पायरी, इतिहासाची सफाई त्यानंतर. गिटहबच्या कमांड-लाइन साधनात लॉगआउटच्या मदतीतच स्पष्ट लिहिले आहे की नोंद फक्त या मशीनवरून जाते, टोकन रद्द होत नाही. असे वाक्य प्रत्येक साधनाच्या मदतीत हवे.

शेवटी उरतो अहवाल. ‘टोकन यशस्वीरीत्या काढले’ एवढेच एजंटने लिहिले, तर वाचणारा निर्धास्त होतो, आणि त्याच वेळी ते टोकन कुणाच्या तरी हातात चालू असू शकते. म्हणून अहवालाचे रकाने मीच ठरवून देते: रद्द झाले का आणि कुणी केले, कोणत्या शाखा नव्याने लिहिल्या, स्कॅनमध्ये काय आले, कुठल्या प्रती अजून शिल्लक आहेत. जे तपासलेले नाही त्यापुढे ‘तपासले नाही’ असेच लिहायचे. हे रकाने भरायला एजंटला फार वेळ लागत नाही, पण पुढचा फोन कुणाला करायचा हे माणसाला त्यातूनच कळते. सफाईचे काम कमांड संपली म्हणून संपत नाही. शेवटच्या रकान्यात काही उरले नाही, की ते संपते.