होय, नाही आणि कोरं

‘पेनिसिलिनची अॅलर्जी आहे का?’ रुग्णाच्या फॉर्मवर या प्रश्नापुढे दोन गोल ‘रेडिओ’ बटणं असतात, होय आणि नाही. दोन्ही कोरी असतील तर रुग्णाने उत्तर दिलेलंच नाही. ‘नाही’ आणि ‘उत्तर नाही’ यांची गल्लत इथे जिवावर बेतू शकते. तरी हा फरक नीट मान्य करायला वेबला जवळपास वीस वर्षं लागली.

वेबपानं ज्या भाषेत लिहिली जातात, त्या एचटीएमएलच्या 1995 मधल्या 2.0 आवृत्तीत नियमच होता की गटातलं एक रेडिओ बटण कायम निवडलेलं असलं पाहिजे. फॉर्म करणाऱ्याने काही सांगितलं नसेल, तर ब्राउझरने पहिलं निवडावं. जुन्या मोटारींतल्या रेडिओची बटणं अशीच चालत, एक दाबलं की आधीचं वर येई. स्टेशन लावायला ही रीत उत्तम. माणसाला प्रश्न विचारायला मात्र घातक, कारण त्याने तोंड उघडण्याआधीच उत्तर नोंदलं जातं. ब्राउझरांनी हा नियम सारखा पाळला नाही. 1999 च्या एचटीएमएल 4.01 ने मग सुरुवातीची निवड अनिश्चित सोडली आणि फॉर्म करणाऱ्यांनीच एक बटण आधी निवडून ठेवावं, असं सुचवलं. होय-नाहीच्या प्रश्नांसाठी हा सल्ला चुकीचाच होता. 2014 मध्ये एचटीएमएल 5 ने अखेर स्पष्ट केलं की काहीच निवडलेलं नसेल तर सगळी बटणं कोरी राहतील.

डेटाबेसवाले यात पुढे होते. ‘नल’ (म्हणजे उत्तरच नाही) आणि होय, नाही, अज्ञात अशा त्रिमूल्यी तर्काची मांडणी संगणकशास्त्रज्ञ एडगर कॉड यांनी 1979 मध्येच केली होती. पण तिथेही ठेच लागतेच: एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेत ‘उत्तर होय नाही’ अशा नोंदी मागितल्या, तर कोऱ्या नोंदी यादीतून गळतात. शिवाय न निवडलेलं रेडिओ बटण सर्व्हरकडे काहीच पाठवत नाही. त्या शांततेला आपला कोड सर्रास ‘फॉल्स’, म्हणजे ‘नाही’, समजतो.

आधीच भरलेलं उत्तर हे उत्तर नव्हे, ही बाजू कायद्यानेही घेतली. ऑक्टोबर 2019 मध्ये प्लॅनेट49 खटल्यात युरोपीय न्यायालयाने ठरवलं की आधीच खूण केलेली चौकट म्हणजे संमती नव्हे.

फॉर्म करणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. दोन्ही बटणं कोरी ठेवा, डेटाबेसच्या रकान्याला ‘नाही’ हे डीफॉल्ट देऊ नका. उत्तर हवंच असेल तर प्रश्न सक्तीचा करणारं ‘रिक्वायर्ड’ लावा, पण सोबत ‘माहीत नाही’ हा पर्यायही द्या. कारण एकदा निवडलेलं रेडिओ बटण पुन्हा दाबून कोरं होत नाही.