डॉक्टर ब्राइट यांचा चमचा

लंडन येथील गायज हॉस्पिटलमध्ये रिचर्ड ब्राइट नावाचे डॉक्टर होते. अंगावर सूज चढलेल्या रोग्यांची लघवी चमच्यात घेऊन ती मेणबत्तीच्या ज्योतीवर धरली, की ती गढूळ होऊन अंड्याच्या पांढऱ्या भागाप्रमाणे गोठते, असे त्यांना दिसून आले. अशा रोग्यांच्या शवविच्छेदनात मूत्रपिंडे बिघडलेली आढळत. हे निष्कर्ष त्यांनी १८२७ साली प्रसिद्ध केले.

गोठणारा तो पदार्थ म्हणजे रक्तातील अल्ब्युमिन नावाचे प्रथिन होय. आपल्या प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लक्ष सूक्ष्म गाळण्या असतात. पाणी व टाकाऊ क्षार त्यांतून जातात, प्रथिने मात्र रक्तातच राहतात. निरोगी माणसाच्या लघवीतून दिवसाकाठी १५० मिलिग्रॅमहून कमी प्रथिन जाते. जाळी विरली की हे प्रमाण वाढते. ते साडेतीन ग्रॅमच्या वर गेले म्हणजे सूज उघड दिसू लागते.

घरोघर भेटी देत असता एका आजीबाईंनी मला आपला चार वर्षांचा नातू मोठ्या कौतुकाने दाखविला. "फादर, पोराने कसे बाळसे धरले आहे, पाहा!" सकाळी त्याचे डोळे उघडत नसत आणि सायंकाळी पाय जड होत, हे मागाहून समजले. ते बाळसे नव्हते. रक्तातील पाणी धरून ठेवणारे प्रथिनच वाहून गेल्याने ते पाणी अंगात झिरपत होते. मुलांमधील हा विकार बहुधा औषधांना चांगला दाद देतो. मात्र तो उलटू शकतो, म्हणून औषध आपल्या मनाने मध्येच सोडू नये.

हानी सुजेपुरतीच नसते. रोगांशी झुंजणारी प्रथिनेही निघून जातात व जंतुबाधा सहज होते, रक्ताच्या गुठळ्या होऊ लागतात, कोलेस्टेरॉल वाढते. गळणारे प्रथिन मूत्रपिंडाच्या नलिकांनाही इजा करते, म्हणजे गळतीच गळती वाढविते. हृदयविकाराचा धोकाही वाढतो. प्रौढांत याचे मूळ पुष्कळदा मधुमेह किंवा रक्तदाब हे असते, आणि ते दोन्ही प्रारंभी दुखत नाहीत. लघवीवर टिकून राहणारा फेस ही एक खूण खरी, परंतु प्रत्येक फेस रोगाचा नसतो. ताप किंवा अतिश्रमानंतरही प्रथिन तात्पुरते दिसते. म्हणून तपासणी पुन्हा करावी लागते. आता मेणबत्तीची गरज नाही. लघवीत बुडविलेल्या पट्टीचा रंग पुष्कळ काही सांगतो. मधुमेही माणसाने तर वर्षातून एकदा अल्ब्युमिनची सूक्ष्म तपासणी करवून घ्यावीच.

प्रथिन जाते म्हणून रोज अधिक अंडी खाऊन ते भरून काढू पाहणे व्यर्थ आहे. कमी करावयाचे ते मीठ. लोणचे, पापड आणि आपल्या मंडळींचा आवडता खारा बांगडा येथे शत्रू ठरतो. अंगदुखीच्या गोळ्या वरचेवर घेणेही मूत्रपिंडास घातक असते.

सर्वांत निकड गरोदर स्त्रीची. "दिवस गेले की पाय सुजायचेच," असे घरच्या वडीलधाऱ्या स्त्रिया म्हणतात, आणि पुष्कळदा ते खरेही असते. तथापि पाचव्या महिन्यानंतर रक्तदाब वाढला व लघवीत प्रथिन आढळले, तर आई व बाळ या दोघांच्याही जिवावर बेतू शकते. डोके ठणकणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे, बरगडीखाली दुखणे, यांपैकी काही झाल्यास सकाळची वाट पाहू नये. रात्र असली तरी गाडी जोडून तिला दवाखान्यात न्यावे.